आखूड दांड्याची कुदळी

उसाच्या मळ्यात जन्म घालविलेल्या आजा-आजींचे कंबरेचे दुखणे आपल्यापैकी पुष्कळांनी घरात पाहिले आहे. म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या एका अवजाराची हकीकत आमच्या वाचकांना परकी वाटणार नाही, असे आम्हांस वाटते.

ते अवजार म्हणजे कुदळी. दांडा जेमतेम दोन फूट, कधी त्याहूनही आखूड. सालिनास खोऱ्यातील लेट्यूसच्या मळ्यांत मेक्सिकोहून आलेले स्पॅनिशभाषी मजूर, ज्यांना तिकडे लॅटिनो म्हणतात, हिने रोपांची विरळणी करीत. ते तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘आखूडशी’, म्हणत. दिवसभर कंबरेत वाकल्याशिवाय ती चालतच नसे. लांब दांड्याने रोपांची नासाडी होते, असे मालक सांगत. मजुरांचे म्हणणे निराळे होते : वाकलेल्या रांगेत एखादा क्षणभर जरी ताठ उभा राहिला, तरी मुकादमाला तो लांबून दिसे. आपल्याकडच्या सरदारांच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

तक्रार करावी तर कोणाकडे? अमेरिकेत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा १९३५ साली झाला, पण त्यातून शेतमजुरांना वगळले होते. आपल्या बेटावर १९३७ साली ऊसमजुरांचा असंतोष भडकला, युनियन फ्लाक येथे गोळीबारात मजुरांचे प्राण गेले, आणि पुढच्याच वर्षी संघटनेला कायद्याची वाट मिळाली. कॅलिफोर्नियातील शेतमजुराला मात्र तशा कायद्यासाठी १९७५ पर्यंत थांबावे लागले.

१९६२ साली सेझार चावेझ आणि डोलोरेस व्हेर्ता यांनी डेलानो गावी शेतमजुरांची संघटना उभारली. व्हेर्ताबाई मूळच्या शिक्षिका. वर्गात उपाशी, अनवाणी येणारी मुले पाहून त्यांनी शाळा सोडली व त्या मुलांच्या आईबापांकडे वळल्या. संघटनेने आरंभी संपाची घाई केली नाही. आधी पतपेढी काढली, मयताच्या खर्चासाठी विमा काढला. (आपल्या गावच्या बैठका ज्यांनी चालविल्या, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.)

संप पुकारला तो फिलिपिनो मजुरांनी, ८ सप्टेंबर १९६५ रोजी, द्राक्षांच्या मळ्यांत. लॅरी इटलिआँग त्यांचे पुढारी. मागणी तासाला १ डॉलर ४० सेंटांची. तोवर मालक एका जमातीचा संप दुसरीचे मजूर आणून मोडीत. या वेळी आठवड्याभरात मेक्सिकन मजूरही संपात उतरले, आणि आमच्या मते या साऱ्या लढ्याची खरी किल्ली तीच. पुढे ‘आमची द्राक्षे घेऊ नका’ असा प्रचार दूरच्या शहरांतील गृहिणींपर्यंत गेला. पाच वर्षांनी, जुलै १९७० मध्ये, डेलानोच्या बड्या मालकांनी करारावर सह्या केल्या. त्यात मजुरीबरोबर औषधोपचाराचा निधी होता, आणि विषारी फवाऱ्यांपासून संरक्षणही.

कुदळी मात्र तशीच होती. तिच्याविरुद्ध १९७२ साली गरिबांसाठी फुकट काम करणाऱ्या वकिलांनी अर्ज केला. खुद्द चावेझ यांनी तरुणपणी तीच कुदळी चालविली होती. पाठीच्या कण्याचे कसे नुकसान होते, हे डॉक्टरांनी सांगितले. असुरक्षित हत्यारांवर राज्यात बंदी होतीच. पण असुरक्षित म्हणजे मोडके-झिजलेले, असा अर्थ काढून सुरक्षा खात्याने १९७३ मध्ये अर्ज फेटाळला. हत्यार धड आहे, माणूस मोडतो आहे, याची नोंद कोणत्या रकान्यात करणार! जानेवारी १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खात्याचा हा अर्थ चुकीचा ठरविला, आणि त्याच वर्षी आखूड कुदळी बंद झाली. त्याच वर्षी शेतमजुरांना गुप्त मतदानाने आपली संघटना निवडण्याचा हक्क देणारा कायदाही राज्याने केला.

पुढे काही मालकांनी निराळी तोड काढली. मजुरांच्या हाती कुदळीच द्यायची नाही. वाकून नुसत्या हातांनी तण उपटायचे. या प्रकाराला नियमांनी आळा बसायला २००४ साल उजाडले, आणि त्यातूनही सेंद्रिय शेतीला सूट देण्यात आली.