मिनीमातांसाठी एक आठवडा

शर्ली चिझमबाईंची 1972 सालची अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची लढत या आठवड्यात लिहीन असं कबूल केलं होतं. ती पुढे ढकलतो. कारण रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या एका वाचकाचं पत्र: ब्रुकलिनची कृष्णवर्णीय बाई तुम्ही रंगवून सांगितलीत, पण आपल्या छत्तीसगडात अशी कुणी झालीच नाही का?

झाली की! चिझमबाई 1968 मध्ये अमेरिकी संसदेत निवडून आल्या, तेव्हा मिनीमाता चौथ्यांदा लोकसभेत बसत होत्या. सतनामी समाजातल्या, म्हणजे गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांतल्या. छत्तीसगडातून लोकसभेत गेलेली पहिली स्त्री. मराठी घरांत मात्र हे नाव बहुधा चौकाचा किंवा धरणाचा फलक वाचूनच ठाऊक असतं.

त्यांचा जन्म आसामातला. छत्तीसगडी माणूस आसामात कसा, हा माझा जुना नाद आहे, तेव्हा थोडं सहन करा. 1891 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग नागपूरहून रायपूर-बिलासपूरमार्गे थेट आसनसोलला भिडला. त्या गाडीने आधी इथला तांदूळ बाहेर नेला आणि मग माणसं. पूर्वी चांगल्या सालाचं धान्य कोठीत राहायचं, ते आता कलकत्त्याच्या भावाने विकलं जाऊ लागलं. अशात 1896-97 चा दुष्काळ आला. त्यातून सावरतोय तोच 1899-1900 चा, आपल्याकडे ज्याला छप्पनचा म्हणतात तो. गावोगाव अरकाटी फिरू लागले. हे चहामळ्यांसाठी मजूर गोळा करणारे दलाल. आगाऊ पैसे, गोड बोलणं, कागदावर अंगठा. करार मोडून पळालं तर तुरुंग, कारण काम सोडणं हा मजुराच्या बाबतीत चक्क गुन्हा होता. आगगाडीने बंगालपर्यंत, पुढे आगबोटीने ब्रह्मपुत्रेतून वर. वाटेत पटकी.

मिनीमातांच्या आजोळची कहाणी याच वाटेवरची. आजोबा खातेपिते शेतकरी होते. दुष्काळात सगळं गेलं तेव्हा बायको आणि तीन मुली घेऊन ते निघाले. दोन मुली वाटेतच गेल्या, आणि आसामात पोचल्यावर थोड्याच दिवसांत आईबापही गेले. एकटी उरली ती देवमती. तिची मुलगी मीनाक्षी, म्हणजेच आपल्या मिनीमाता. आपल्याकडे ‘दुष्काळात देशोधडीला लागलं’ असं एका वाक्यात सांगून मोकळे होतात. पाच माणसांतलं एक उरलं, एवढा त्याचा अर्थ होतो.

सतनामी गुरू अगमदास आसामातल्या आपल्या लोकांना भेटायला जात. त्यांच्याशी लग्न होऊन मीनाक्षी आजोबांच्या मुलखात परत आली. अगमदास काँग्रेसचे, 1952 चे खासदार. त्यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत मिनीमाता निवडून आल्या. नवऱ्याच्या जागी बायको, असं कुणी म्हणेल. पण सहानुभूती एकदा पुरते. त्या 1957 आणि 1962 मध्ये बलोदाबाजारहून, 1967 आणि 1971 मध्ये जांजगीरहून जिंकल्या.

1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याचं सगळं श्रेय इथे अनेकजण त्यांना देतात. मला ते पटत नाही. कायदे एका खासदाराने होत नसतात आणि त्यांचं मोठेपण या श्रेयावर अवलंबूनही नाही. माझ्या लेखी भिलाईचं काम मोठं. पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा जमीन इथल्यांची आणि नोकऱ्या बाहेरच्यांना, ही ओरड त्यांनी उचलून धरली, छत्तीसगड मजदूर कल्याण संघटना काढली. बालविवाह आणि हुंड्याविरुद्ध बोलत राहिल्या. दिल्लीतलं त्यांचं घर म्हणजे छत्तीसगडी माणसाची धर्मशाळाच होती.

11 ऑगस्ट 1972 रोजी दिल्लीच्या पालम विमानतळाजवळ विमान कोसळून त्या गेल्या. चिझमबाई राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या ते हेच वर्ष.

राज्य सरकार स्त्रियांसाठी काम करणाऱ्यांना त्यांच्या नावाने पुरस्कार देतं, ते चांगलंच. पण खरं स्मारक कोरबा जिल्ह्यातलं मिनीमाता हसदेव-बांगो धरण. त्याच्या कालव्यांचं पाणी जांजगीर-चांपाच्या भातशेतीला मिळतं. तो त्यांचाच मतदारसंघ. पाऊस हुकला म्हणून ज्यांच्या आजोबांना मुलूख सोडावा लागला, त्यांचं नाव पाण्याला दिलं हे सरकारी नामकरणांत क्वचित दिसणारं शहाणपण आहे.

रायपूर-भिलाईच्या जुन्या मराठी घरांत मिनीमातांच्या सभा ऐकलेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्या आणि पाठवा; वय झालेल्या माणसांच्या बाबतीत पुढच्या महिन्यावर टाकू नका. चिझमबाईंची निवडणूक पुढच्या आठवड्यात, नक्की.