कचेरीची भाषा व सवडीचें शिक्षण

कचेरींत बसणाऱ्या मनुष्यास दोन विद्या लागतात. एक हातांतील कामाची. दुसरी, तें काम समोरच्या माणसास समजावून देण्याची. पहिली शाळा-महाविद्यालयांत शिकवितात. दुसरी बहुतेकांस नोकरींत शिरल्यावरच शिकावी लागते. ही दुसरी विद्या हल्लीं ऑनलाईन पाठांनीं, आपापल्या सवडीनें कशी शिकतां येते, व तेवढ्यानें भागतें कीं काय, याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

आमच्या चाकूरकडील भागास हा प्रश्न नवा नाहीं. निजामाच्या राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत सरकारी दफ्तरांतील फारसीची जागा उर्दूनें घेतली. घरीं मराठी बोलणाऱ्या कारकुनास कामापुरती उर्दू शिकणें भाग असे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठीस राज्यकारभारांत कायद्याचें स्थान मिळालें. पुढें २०२३ सालीं मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां निजामकालीन कागद वाचण्यास उर्दू व मोडी जाणणारे लोक शोधावे लागले. कचेरीची भाषा ज्यास येत नाहीं, त्याचें काम अडतें. आणि कारकुनाचें काम अडलें कीं खोळंबतो तो अर्जदार.

आज चाकुरांत सीमा सुरक्षा दलाचें प्रशिक्षण केंद्र आहे. तेथें निरनिराळ्या प्रांतांचे जवान येतात. बँकांत व रेल्वेंतही बदलीनें परप्रांतीय मंडळी येतात. अशांसाठीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें केंद्राच्या राजभाषा विभागाकरितां ‘लीला’ नांवाची हिंदी शिकविणारी योजना तयार केली. तींत प्रबोध, प्रवीण व प्राज्ञ अशा तीन पायऱ्या असून, मराठी, तमिळ, कन्नड इत्यादि भाषांच्या द्वारें हिंदी शिकतां येते. केंद्राच्या ‘आय-गॉट कर्मयोगी’ या व्यासपीठावर संवादाचे व कचेरी-पद्धतीचेही पाठ आहेत.

अशा शिक्षणाची रीत सोपी आहे. पाठ लहान असतो. तो ऐकावा, म्हणावा, व प्रश्न सोडवून पाहावे. ‘लीले’ंत आपला उच्चार नोंदवून मूळ उच्चाराशीं ताडून पाहण्याची सोय आहे. रात्रपाळीच्या नोकरास वर्गाची वेळ गांठावी लागत नाहीं. शिवाय चुकल्यास कोणी हसत नाहीं. प्रौढ मनुष्यास हा लाभ लहान नव्हे.

परंतु दोन उणिवा राहतात. सवडीनें शिकावयाचें म्हटलें कीं सवड सांपडत नाहीं, व आजचा पाठ उद्यांवर जातो. दुसरी उणीव अधिक मोठी. समजा, बँकेच्या खिडकीशीं एक वृद्ध बाई उभी आहे. कारकून म्हणतो, “केवायसी अपूर्ण असल्यानें आपलें खातें निष्क्रिय झालें आहे.” वाक्य शुद्ध आहे, पाठाच्या परीक्षेंत त्यास पूर्ण गुण मिळतील. बाई मात्र कांहींच न समजून परत जाते, व तिचा दिवस आणि गाडीभाडें वायां जातें. तोच जर म्हणेल, “आजी, आधार कार्ड अन् एक फोटो घेऊन या, म्हणजे खातें पुन्हां चालू करून देतों,” तर तिचें काम मार्गीं लागेल. हा फरक यंत्रास समजत नाहीं. कारण निराश होऊन परत जाणारें माणूस त्याच्यासमोर उभें नसतें.

म्हणून आमचें सांगणें असें: पाठ सवडीचा असला तरी रोजची अर्धी घटका ठरलेली असावी, आणि शिकलेलें त्याच दिवशीं एखाद्या सोबत्याशीं बोलून पाहावें. आपण काय सांगितलें हें नव्हे, तर त्यास काय समजलें, हें त्यास विचारावें.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांपैकीं कित्येक जण उद्यां अशाच खिडकीमागें बसाल. त्याची तयारी आजच करतां येईल. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरील एखादी सूचना वाचा व घरीं जाऊन आजीस आपल्या शब्दांत सांगा. कोणता कागद, कोठें, कोणत्या तारखेपर्यंत न्यावयाचा, हें ती परत बिनचूक सांगूं लागली, कीं तुमचा पाठ पुरा झाला.