यंत्राला हळदकुंकू नको, उलटतपासणी हवी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. आजवर ज्योतिर्लिंगामुळे ओळखल्या गेलेल्या तालुक्यात जगातील अत्यंत सूक्ष्म मोजमाप करणारे यंत्र येत आहे. म्हणूनच आम्हाला विचारावेसे वाटते, या देशाने यंत्राचा, साधनाचा अर्थ काय लावला?

धर्माने लावलेला अर्थ सर्वांना ठाऊक आहे. दसऱ्याला आयुधांची पूजा होते. नांगराला, मोटारीला, छापखान्यातील यंत्राला हार घातला जातो. पण हिंगोलीच्या मोंढ्यात हळद मोजणारा काटा हळदकुंकू वाहिल्याने खरा ठरतो काय? त्याला वैधमापन विभागाची पडताळणी आणि शिक्का लागतो. शेतकऱ्याचे पोते वाचवतो तो शिक्का, पूजा नव्हे.

या पूजेची दुसरी बाजू अधिक कडवट आहे. येथे हत्यार पूज्य ठरले, ते चालवणारा हात मात्र हलका ठरला. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार यांनी साधने घडवली आणि वापरली. मान मात्र पोथी हाती धरणाऱ्याला मिळाला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ मध्ये दाखवून दिले. अॅरिस्टॉटलने गुलामाला जिवंत अवजार म्हटले. आपल्याकडे तेच काम जातीने केले. याच औंढ्यात, नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करावे लागले तेव्हा देऊळच फिरले, अशी आख्यायिका सांगतात. देऊळ फिरल्याची गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. पण सुई चालवणाऱ्या शिंप्याला मागे का जावे लागले, हे कोणी विचारत नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे पाहू. पाणिनीच्या व्याकरणात क्रिया घडवण्यास जे सर्वाधिक साहाय्य करते ते ‘करण’, म्हणजे साधन. कुऱ्हाडीने झाड तुटते. कुऱ्हाड करण, तोडणारा कर्ता. ज्ञान मिळवण्याच्या साधनाला ‘प्रमाण’ म्हणतात. नैयायिकांनी चार प्रमाणे मानली आणि त्यांत ‘शब्द’ घेतला. मीमांसकांनी तर वेदाचा शब्द स्वतःच सिद्ध मानला. बौद्ध आचार्य दिङ्नागाने दोनच प्रमाणे ठेवली: प्रत्यक्ष आणि अनुमान. कोणी सांगितले म्हणून ते खरे, हा दरवाजा त्याने बंद केला. तथागतांनी तर धम्मालाही नावेची उपमा दिली. नदी पार झाल्यावर नाव डोक्यावर घेऊन फिरणारा शहाणा नव्हे. साधन पार होण्यासाठी असते, पूजेसाठी नसते.

भारतात विज्ञानाची साधने नव्हती असे आम्ही म्हणत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि साध्या काठीने, बुद्धीच्या बळावर उंची-अंतर मोजण्याच्या रीतीला ‘धीयंत्र’ म्हटले. ही परंपरा अभिमानाची आहे. पण ‘सूर्यसिद्धान्ता’त आपोआप फिरणाऱ्या गोलयंत्राची रचना गुप्त ठेवावी, उघड केल्यास ती सर्वांना कळेल, असे सांगितले आहे. सर्वांना कळेल, हीच भीती! ज्ञान जेथे गुपित होते तेथे चूक दाखवणाराच उरत नाही.

याउलट लायगोची रीत पाहा. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या, काटकोनातील दोन भुजांत लेसरचा किरण विभागून पाठवला जातो. टोकाच्या आरशांवरून तो परत येतो. लहर आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखूड होते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एवढा सूक्ष्म फरक एकट्या यंत्राच्या साक्षीवर कोण मानेल? म्हणून १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दूरदूरच्या दोन यंत्रांनी तोच संकेत सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने टिपला, आणि कित्येक महिन्यांच्या छाननीनंतर ११ फेब्रुवारी २०१६ रोजी तो जगाला सांगितला गेला.

त्याआधीची गोष्ट तर आम्हा वकिलांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. २०१० साली मोजक्या लोकांनी या यंत्रात मुद्दाम खोटा संकेत घातला. शेकडो शास्त्रज्ञांनी तो महिनोन्‌महिने तपासला, शोधनिबंधही तयार केला. मार्च २०११ मध्ये बंद पाकीट उघडल्यावर तो बनावट असल्याचे कळले. कोणाला राग आला नाही, कारण परीक्षाच घ्यायची होती. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशी येथे यंत्राची आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचीही झाली. दिङ्नागाचा वारसा आम्हाला येथे दिसतो.

म्हणून यंत्राला घाबरण्याचे कारण नाही. यंत्र वाईट नाही, त्यावर मूठभरांची मालकी असणारी समाजरचना वाईट आहे, असे बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाचा समाचार घेताना मांडले होते. यंत्राने मिळणारी उसंतच माणसाला पशुजीवनातून बाहेर काढते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मग औंढ्याच्या यंत्रासमोर आमची मुले कोठे असतील? फाटकावर पहारेकरी म्हणून, की आतल्या नियंत्रण कक्षात? हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. जिल्ह्यातील शाळांच्या प्रयोगशाळांची कुलुपे उघडावीत, मुलांच्या हाती भिंग, तराजू आणि लोलक द्यावेत. नोकरभरतीत राखीव जागा नियमाप्रमाणे भरल्या जातात की नाही, यावर कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराने लक्ष ठेवावे. वेधशाळा सुरू होईल त्या दिवशी नारळ फोडणारे पुष्कळ जमतील. आम्हाला मात्र तिच्या नोंदी वाचू शकणारी आणि त्यांवर शंका घेऊ शकणारी मुले हवीत.