कानुबी: एका टेकडीची वाइन

वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, बारोलो गावाला लागून कानुबी नावाची लांबट टेकडी आहे. नेब्बिओलो द्राक्षांपासून होणारी बारोलो वाइन अकरा गावांच्या शिवारात पिकते. बाटलीवर ‘कानुबी’ असेल तर द्राक्षं याच टेकडीवरची. हे नाव लिहिलेली १७५२ सालची बाटली आजही जपलेली आहे.

बारोलोचा रंग फिकट, पण टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, दणकट. तोंड कोरडं पडतं, हिरड्या आवळतात. म्हणूनच किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडी पिंपात, मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही. प्रथिनं आणि चरबी हा तुरटपणा निववतात; त्यामुळे सोबत बारोलो वाइनमध्येच मंद शिजवलेलं बीफ, जुनं चीज किंवा वरून पांढरं ट्रफल किसलेला ताजारीन पास्ता. मटणही छान जमेल, पण कोल्हापुरी तांबडा रस्सा नको: टॅनिनमुळे मिरची आणखी झोंबते.