ओळख फुटबॉलची, भाग ९ : गोली

शाहू स्टेडियमवर पुढच्या सामन्याला जाल तेव्हा थोडं लवकर जा आणि गोलीवर नजर ठेवा. पंचांची शिट्टी होण्याआधी तो दोन खांबांच्या बरोबर मधून चार-पाच पावलं पुढे येतो आणि टाचेने मातीत एक रेघ ओढतो. ही रेघ म्हणजे त्याचा आरसा. खेळताना त्याचं तोंड मैदानाकडे असतं आणि खांब पाठीमागे. पायाखाली रेघ दिसली की आपण मधोमध आहोत की एका अंगाला सरकलोय, हे मागे वळून न बघता कळतं. नियमाने मैदानावर अशी खूण करायची नसते, पण पंच सहसा काणाडोळा करतात. गोलसमोर गवत कधी टिकत नाही, त्यामुळे रेघ उठतेही झकास.

पेठेत गोली कसा तयार होतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. बोळातल्या खेळात जो सगळ्यांत लहान, त्याला दोन दगडांच्या मध्ये उभं करायचं. त्यातलाच एखादा तिथे रमतो आणि तालमीच्या संघापर्यंत पोचतो. कोपरं सोललेली, धुतलेले ग्लोव्ज मोटरसायकलच्या आरशांना वाळत घातलेले. पाटाकडील असो, खंडोबा असो की शिवाजी तरुण, पोरांच्या तोंडी नावं असतात ती फॉरवर्डची. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून आपला अनिकेत जाधव खेळला, तोही फॉरवर्डच. गोलीचं नाव गॅलरीत घेतलं जातं ते गोल खाल्ल्यावर, आणि तेव्हा ते कसं घेतात हेही सांगायला नको.

आजचा गोली मॉस्कोचा आहे. लेव याशिन. जन्म १९२९ चा, कामगाराच्या घरातला. महायुद्धामुळे चौदाव्या वर्षाच्या आसपासच कारखान्यात लागला. पुढे डायनॅमो मॉस्को क्लबात आला आणि सुरुवातीच्याच एका मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने गोल खाल्ला तो कुणाचा? समोरच्या गोलीचा! त्याने लाथाडलेला लांब चेंडू वाऱ्यावर आला, याशिन पुढे धावला, आपल्याच बचावपटूवर आदळला आणि चेंडू टप्पा खाऊन जाळीत. आपल्याकडे असं झालं असतं तर पोराने महिनाभर पेठेत तोंड दाखवलं नसतं.

डायनॅमोची पहिली जागा तेव्हा अलेक्सेई खोमिचची होती. मग याशिन बर्फावरच्या हॉकीत गोली म्हणून उभा राहिला आणि १९५३ साली डायनॅमोने हॉकीतला सोव्हिएत कप जिंकला, तेव्हा गोलमध्ये तोच होता. त्यानंतर मात्र तो फुटबॉलला चिकटला तो १९७० पर्यंत, एकाच क्लबात. लीगचे ३२६ सामने.

त्याने वेगळं काय केलं, ते नीट समजून घेऊ. त्या काळातला गोली साधारणपणे रेषेवर उभा राहून फटक्याची वाट बघे. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. एवढी खिंड एका माणसाने रेषेवरून राखायची म्हणजे नशिबाचा भाग. आता हात लांब करून तळहात पन्हाळ्याच्या दिशेने धरा, गडाचा एक तुकडा झाकेल. तोच तळहात डोळ्यापाशी आणा, सगळा पन्हाळा गायब. फटका मारणाऱ्याचा डोळा तो डोळा, आणि गोली म्हणजे तळहात. याशिन तळहात डोळ्यापाशी नेत असे. पुढे येऊन कोन बुजवायचा, डीच्या बाहेर आलेला चेंडूही जाऊन पायाने उडवायचा. डोक्यावरून चेंडू टाकला तर मागे मोकळं रान, ही जोखीम पत्करूनच.

दुसरं हत्यार तोंड. तो सामनाभर ओरडत असे. समोरून सगळं मैदान दिसणारा संघातला एकमेव माणूस गोली असतो, म्हणून बचावफळी हाकायची त्यानेच. फटका यायच्या आधीच माणूस जागेवर गेला तर फटका येतच नाही. आणि न आलेल्या फटक्याला टाळ्या पडत नाहीत, ही या धंद्यातली गोम आहे.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये याशिनच्या सोव्हिएत संघाने सुवर्ण जिंकलं. आपण चौथे आलो. आपल्याला युगोस्लाव्हियाने ४-१ आणि बल्गेरियाने ३-० असं हरवलं. त्या दोघांनाही सोव्हिएत संघाने धूळ चारली, अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला १-० ने. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेली हॅट्‌ट्रिक सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच संघातले एस. एस. नारायण किती जणांना आठवतात? मूळचे केरळचे, वाढले माटुंग्यात. गोली म्हणून १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिकच्या संघांत होते आणि महाराष्ट्राकडून बास्केटबॉलही खेळले. याशिनला हॉकी, यांना बास्केटबॉल. दोघांचाही हात दुसऱ्या खेळात वळलेला, आणि मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. उंच चेंडू गर्दीत झेलण्याची सवय बास्केटखाली जितकी लागते तितकी नुसत्या फुटबॉलच्या सरावात कशी लागणार?

१९६० चा युरोपियन चषक सोव्हिएत संघाने जिंकला. मग आलं १९६२, चिलीतला विश्वचषक. अरिका शहरात कोलंबियाविरुद्ध ४-१ ची आघाडी होती. मार्कोस कोलने कॉर्नर घेतला. चेंडू जवळच्या खांबाकडे आला. तिथे उभ्या बचावपटूला वाटलं गोली घेईल, गोलीला वाटलं तो घेईल. चेंडू दोघांमधून सरळ आत. कॉर्नरवरून थेट झालेला पुरुषांच्या विश्वचषकातला तो आजवरचा एकमेव गोल. सामना ४-४. पुढे उपांत्यपूर्व फेरीत चिलीकडून हार झाली आणि मायदेशी सगळं खापर फुटलं ते याशिनच्या डोक्यावर. प्रेक्षक हुर्यो उडवायचे. वय बत्तीस, खेळ सोडावा असं त्याच्या मनात येऊन गेलं.

सोडला नाही. ऑक्टोबर १९६३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध जागतिक संघाकडून अर्धा सामना खेळला, एकही गोल दिला नाही. पुढच्याच महिन्यात रोममध्ये इटलीच्या माझोलाची पेनल्टी अडवली. त्या वर्षीचा बॅलन डी'ऑर त्याला मिळाला. हा मान मिळवणारा गोली आजतागायत तो एकटाच.

त्याचा निरोपाचा सामना २७ मे १९७१ ला मॉस्कोत झाला. लाखभर प्रेक्षक, समोर जगभरातले नामांकित खेळाडू. उत्तरार्धात २-० अशी आघाडी असताना तो बाहेर आला आणि तरुण गोली पिल्गुईला जागा दिली. सामना २-२ सुटला.

पुढच्या रविवारी टायब्रेकर.