स्मृतीचा सातबारा

श्रोतेहो, संगणकाची स्मृती म्हणजे एक मोठे शिवार समजा. १९७८ च्या इंटेल ८०८६ प्रोसेसरमध्ये या शिवाराचे तुकडे होते, पण राखण नव्हती. कोणताही प्रोग्राम दुसऱ्याच्या तुकड्यात शिरे, आणि त्यापायी सगळे यंत्र ठप्प होई.

१९८२ च्या ८०२८६ ने ‘प्रोटेक्टेड मोड’ आणला. यात प्रत्येक तुकड्याची, म्हणजे सेगमेंटची, ८ बाइटची नोंद एका तक्त्यात असते. तुकडा कुठे सुरू होतो, केवढा आहे, तिथे नुसते वाचायचे की लिहायचेही, आणि प्रवेश कोणाला, हे तीत लिहिलेले. अगदी शेताच्या सातबाऱ्यासारखे! अधिकाराच्या पायऱ्या ४. शून्याची सर्वांत वरची, ती ऑपरेटिंग सिस्टीमची; तिनाची तुमच्या-आमच्या प्रोग्रामांची. हद्द ओलांडणाऱ्याला प्रोसेसर जागीच अडवून ऑपरेटिंग सिस्टीमला वर्दी देतो. बाकीचे शाबूत राहतात.

हौसेने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्याला हा तक्ता स्वतःच भरावा लागतो. सुरुवातीला एखादा आकडा चुकला, तर वर्दी घ्यायलाही कोणी नसते. यंत्र मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ३८६ वर हौसेनेच काम आरंभले. लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक चालत्या प्रोग्रामला ६४ मेगाबाइटची हद्द आखून दिलेली होती.

आजच्या ६४-बिट यंत्रांत हद्दी राखण्याचे काम मुख्यतः ‘पेजिंग’ करते, म्हणजे स्मृतीची छोटी पाने पाडून. तरी अधिकाराच्या पायऱ्या टिकून आहेत, आणि इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरवर तो तक्ता, लहानसा का होईना, आजही भरावाच लागतो.