लहान मुलांना घेऊन कोकणात जाताय? समुद्रकिनारा निवडण्याआधी या गोष्टी बघाच!

सुट्ट्या जवळ आल्या की फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "यंदा कोकणात जायचं का?" मग कुणी काशिदचा रील टाकतं, कुणी तारकर्लीचा, कुणी दिवेआगरच्या होमस्टेचा नंबर. खोलीला एसी आहे का, मासे कसे मिळतात, पुण्याहून किती तास लागतात, सगळ्याची चर्चा होते.

एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. सोबत तीन वर्षांचं पोर आहे, ते ज्या पाण्यात खेळणार आहे ते पाणी कसं आहे?

रीलमध्ये सुंदर दिसणारा किनारा आणि लहान मुलांसाठी चांगला किनारा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ कॉलेज विद्यार्थी बुडाले. ती तरुण, धडधाकट मुलं होती. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. दिसायला समुद्र नेहमीसारखाच होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले. त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती.

म्हणून घाबरून सहल रद्द करायची का? अजिबात नाही. समुद्रासारखं खेळणं मुलांना दुसरं मिळणार नाही. फक्त किनारा निवडताना काय बघायचं ते माहीत हवं.

१. वाळू बघा, उतार कळेल

किनाऱ्याचा उतार आणि वाळूचा दाणा यांचं नातं असतं. वाळू बारीक असेल तर किनारा सहसा सपाट असतो. वाळू जाडी, पाय रुतणारी असेल तर किनारा उताराचा असतो.

सपाट किनाऱ्यावर लाट लांबवर फुटते आणि पायापाशी येईपर्यंत तिचा जोर संपलेला असतो. उताराच्या किनाऱ्यावर तीच लाट थेट काठाशी येऊन आदळते. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारी लाट तीन वर्षांच्या मुलाच्या छातीवर बसते, आणि परत जाताना पायाखालची वाळूही घेऊन जाते.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मुलांना वाळूत बसवून आधी मोठ्या माणसाने एकट्याने पाण्यात चालत जायचं. पाच-सहा पावलांत पाणी गुडघ्याच्या वर आलं, तर तो किनारा मुलांना पाण्यात उतरवण्याचा नाही. तीस-चाळीस पावलं चालूनही पाणी पोटरीपर्यंतच असेल, तर चटईची जागा ठरली म्हणून समजा.

दापोली तालुक्यातलं कर्दे किंवा रायगडमधलं दिवेआगर कुटुंबांना आवडतं त्याचं एक कारण हेच. लांबलचक, सपाट, घट्ट वाळूची पुळण. गोव्यात दक्षिणेला पाळोळे किनारा याच कारणासाठी ओळखला जातो. शिवाय तो अर्धचंद्राकृती आहे. दोन्ही बाजूंनी डोंगराची टोकं समुद्रात शिरलेली असली की मोठ्या लाटा बाहेरच अडतात आणि आतलं पाणी शांत राहतं.

२. खाडीचं मुख आणि खडक टाळा

कोकणात दर थोड्या अंतरावर एखादी नदी किंवा खाडी समुद्राला मिळते. ही जागा फोटोसाठी अप्रतिम. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तर गर्दीच असते. बोटीत बसून बघायला संगम छानच आहे, पण पाण्यात उतरायला नाही.

कारण ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं. तळाची वाळू सतत सरकते, त्यामुळे काल जिथे घोटाभर पाणी होतं तिथे आज खड्डा असू शकतो. मुलांना घेऊन बसायचं तर मुखापासून चांगलं लांब, किनाऱ्याच्या मधल्या भागात बसावं.

खडकांचंही तेच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते, हे तिथे जाणाऱ्याला सांगितलं जातं. तरी "एक सेल्फी" म्हणून लोक थांबतात आणि लाट येते. अलिबागला ओहोटीच्या वेळी चालत कुलाबा किल्ल्यात गेलेले पर्यटक परतीच्या वेळी पाण्यात अडकतात, ते याच चुकीमुळे.

३. शांत दिसणारं पाणी फसवं असू शकतं

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाणार कुठून? बऱ्याचदा ते एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. यालाच लोक "पाणी ओढतं" म्हणतात.

गंमत अशी की नेमक्या या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, शांत पाणी. नवख्या माणसाला वाटतं, इथेच लाटा नाहीत, मुलांना इथेच नेऊ. प्रत्यक्षात सगळ्यात धोक्याची जागा तीच असते.

त्यामुळे पोहोचल्यावर लगेच पाण्यात धावू नका. दहा मिनिटं थोड्या उंचावरून समुद्र बघा. फेसाची रेघ कुठे तुटते? फेस किंवा कचरा कुठून आत वाहत जातोय? ती जागा सोडा. कुणी मोठं माणूस या ओढीत सापडलंच, तर सरळ किनाऱ्याकडे पोहण्यासाठी झगडू नये. तसं केलं की दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं, मग वळावं.

४. किनारा तोच, पण वेळ कोणती?

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे ४ मीटरचा फरक पडतो. गोव्याकडे जाताना तो जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे रायगडमधली सकाळी क्रिकेट खेळता येईल एवढी मोठी पुळण दुपारी दिसेनाशी होऊ शकते. तारकर्लीला तेवढा बदल जाणवत नाही.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. ही वेळ पहाटे किंवा सकाळी एकदा आणि दुपारी किंवा संध्याकाळी एकदा लागू होते. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं. नेमकी वेळ मोबाइलवर त्या ठिकाणाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावी.

याचा फायदा काय? समजा सहल पौर्णिमेच्या आसपास आहे. मग पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. संध्याकाळी मुलांना किल्ले बांधायला भरपूर ओली वाळू मिळेल. पण पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात वेगाने सरकतं. त्यामुळे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, पाणी झपाट्याने आत जात असताना मुलांना त्यात नेऊ नये. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतर कमी असते. तारखा आपल्या हातात असतील तर लहान मुलांसाठी हे दिवस जास्त निवांत.

साधारण नियम असा ठेवता येईल की पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंतचा वेळ मुलांच्या खेळासाठी घ्यावा. तेव्हाही पाणी मुलाच्या घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. मोठ्या माणसाने उभं राहायचं ते मुलाच्या मागे नाही, समुद्राच्या बाजूला.

५. वारा आणि हवेची ट्यूब

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. म्हणूनच सकाळी समुद्र शांत वाटतो आणि दुपारनंतर खवळल्यासारखा.

पण सकाळच्या याच वाऱ्यात हवेची ट्यूब किंवा फुगवलेलं बदक मुलासकट आत सरकू शकतं. ही खेळणी हॉटेलच्या टाकीसाठी ठीक, समुद्रासाठी नाहीत. मुलांचे कपडे भडक केशरी, पिवळे किंवा लाल असावेत. निळा आणि पांढरा रंग पाण्यात आणि फेसात हरवतो.

६. पावसाळ्यात समुद्र लांबूनच बघा

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी असली तरी त्या काळातला समुद्रही तसाच असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, ही कोळ्यांची परंपरा आहे. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते ज्या दिवसांत लांब राहतात, त्या दिवसांत पर्यटकाने मुलांना पाण्यात नेण्याचं कारण नाही.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, निळ्या फुग्यासारखा दिसणारा ब्लूबॉटल. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांना त्याचा डंख झाला होता. वाळूवर मरून पडलेलाही तो डंख मारू शकतो, आणि मुलं नेमकी तीच निळी वस्तू उचलतात. डंख झालाच तर चोळू नका. चिकटलेले धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

७. किनाऱ्यावर आणखी काय चालतं?

लहान मुलांना धोका फक्त पाण्याचाच नसतो. पुळणीवरून भरधाव जाणाऱ्या चारचाकी बाइक, घोडे, टांगे आणि पर्यटकांच्या गाड्या असतात. बनाना राइड आणि पॅरासेलिंगच्या बोटी जिथे लागतात तिथून दोनशे-तीनशे मीटर लांब बसलं की खेळायला मोकळी जागा मिळते.

सावली हवीच. गुहागर किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत. मूल झोपलं तर तिथे चटई टाकता येते. साधारण अकरा ते चार उन्हात नेऊ नये. कोरडी वाळू तेव्हा पाय भाजण्याइतकी तापते.

राहण्याची जागा किनाऱ्यापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर असेल तर निम्मे प्रश्न सुटतात. शू लागली, भूक लागली, कपडे भिजले, की परत जाता येतं. स्वच्छतागृह कुठे आहे, जवळचा दवाखाना किती लांब आहे, हे बुकिंग करतानाच विचारा. गरज पडली तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत का, हेही बघा. गोव्यात सरकारने नेमलेले 'दृष्टी'चे जीवरक्षक मुख्य किनाऱ्यांवर असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग त्यांच्या नजरेखाली असतो. फक्त लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. कोकणातल्या अनेक सुंदर, निर्मनुष्य किनाऱ्यांवर मात्र कुणीच नसतं. तिथे जीवरक्षक तुम्हीच.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

एवढं करूनही एक काम उरतं. होमस्टेच्या काकांना किंवा किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या मावशींना विचारा. "इथे पोहता येतं का?" असं विचारलं तर "हो, सगळे उतरतात" असं उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, "काका, तुमच्या घरची पोरं कुठे खेळतात, आणि कुठल्या बाजूला तुम्ही त्यांना जाऊ देत नाही?" उत्तर वेगळं येईल, आणि ते ऐका.

आणि शेवटचं. चित्रपटात बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो. खऱ्या आयुष्यात लहान मूल आवाज न करता, काही सेकंदांत पाण्याखाली जातं. दहा मोठी माणसं सोबत असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. म्हणून पाळी लावा. पंधरा-पंधरा मिनिटं एका माणसाने फक्त मुलांकडे बघायचं, मोबाइल पिशवीत ठेवून.

फोटो काय, पुढच्या पंधरा मिनिटांतही काढता येतील. तेव्हा फॅमिली ग्रुपवर पुढचा रील टाकण्याआधी हा लेख टाका, आणि मग ठरवा, यंदा कुठला किनारा.